विमानाखालचा आवाज

ब्रेंडाचं नाव आधी लिहितो. ती नसती तर पुढचं काही सांगायला माझ्याकडे नसतंच.

ब्रेंडा म्हणजे लंडनच्या ईलिंगमधल्या आमच्या डबिंग स्टुडिओची मिक्सर, सिनेमाचे सगळे आवाज जुळवणारी. साठी ओलांडलेली, मूळची वेल्सची, डाव्या कानाने थोडं कमी ऐकणारी. मी त्या बिल्डिंगमध्ये क्लीनर होतो. भंडाऱ्याला नववीत शाळा सुटली, मग मंडपवाल्याकडे स्पीकर लावण्याचं काम केलं. लग्नानंतर बायकोला, सुजाताला, इकडच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मीही आलो. कॉरिडॉर पुसताना ब्रेंडाच्या दाराशी माझा मॉप नेहमी जास्त वेळ रेंगाळायचा. एक दिवस ती आतून म्हणाली, "ऐकायचंच आहे ना, मग बसून ऐक." तिचा असिस्टंट नुकताच सोडून गेला होता. त्याच्या खुर्चीवर मी बसलो तो आजपर्यंत तिथेच आहे. ऑफिसने विचारलं, सर्टिफिकेट कुठलं? ब्रेंडाने सांगितलं, जबाबदारी माझी.

ती मला "लव्ह" म्हणते. पहिल्या आठवड्यात मी हे घाबरत घाबरत सुजाताला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, इथे बसचा ड्रायव्हरसुद्धा म्हणतो. डोक्यात घेऊ नका."

तर त्या सकाळी अतुल सोनटक्के एडिनबराहून ट्रेनने आमच्याकडे यायला निघाला होता, आणि मी त्याच्या गेलेल्या वडिलांचा आवाज एका विमानाखालून उकरत बसलो होतो. अतुल माझ्याच वयाचा, म्हणून इथे एकेरीत लिहितो. समोर अहोच म्हणत होतो.

काम काय होतं ते सांगतो. सिनेमा एका मराठी कुटुंबाचा, ईलिंगमध्ये राहणाऱ्या. आईच्या जाण्यानंतर चार भावंडं बापाच्या घरी जमतात. प्रत्येकाच्या पोटात काहीतरी सलतंय आणि कोणी कोणाला बोलत नाही. शेवटी थोरला मुलगा, ज्याच्याशी बापाने बोलणं टाकलेलं असतं, मागच्या दाराशी येऊन उभा राहतो आणि बाप त्याला माफ करतो. सगळा सिनेमा त्या एका वाक्यासाठी चाललेला असतो. बापाचं काम नागपूरच्या वामन सोनटक्के काकांनी केलं होतं. आयुष्यभर हौशी रंगभूमीवर राबलेला माणूस, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. शूटिंग संपवून ते परत गेले आणि थोड्याच दिवसांत हार्ट अटॅकने वारले.

आता अडचण. ईलिंगवरून हीथ्रोची विमानं जातात. इथे राहणाऱ्याला ती ऐकूच येत नाहीत, इतकी सवय असते. माइकला सवय नसते. काकांनी ते वाक्य ज्या टेकमध्ये सगळ्यात सुंदर म्हटलं, नेमकं त्यातच डोक्यावरून विमान गेलं. पडद्यावर काका दाराच्या चौकटीला हात टेकून उभे आहेत, ओठ हलतायत, आणि ऐकू येतो तो फक्त घरघराट. असं झालं की नट स्टुडिओत येतो, चित्र बघत तेच वाक्य पुन्हा बोलतो आणि आम्ही ते चिकटवतो. पण नटच उरला नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. स्क्रिप्टमध्ये वाक्य होतं, "मी तुला माफ केलं." इमोजेनने, म्हणजे डायरेक्टरने, ते इंग्लिशमध्ये लिहून कोणाकडून तरी मराठी करून घेतलं होतं. सेटवर काका तिला म्हणाले, आमच्याकडे बाप असं बोलत नाही. ती म्हणाली, मग घरी बोलाल तसं बोला. ते काय बोलले ते कोणी टिपलं नाही, कारण टिपणाऱ्या बाईला मराठी येत नव्हतं. समोर उभा असलेला मुलगा इथेच जन्मलेला. त्याला फोन करून विचारलं तर म्हणाला, "समथिंग अबाउट जेवण, आय थिंक. ती प्लेन एवढा मोठा होता."

म्हणून मी उकरत होतो. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर असतं. आवाजाचं स्क्रीनवर चित्र काढतं. विमान म्हणजे खाली पसरलेला नारिंगी धूर, माणसाचा आवाज म्हणजे त्यातल्या बारीक उजळ रेषा. धूर थोडा थोडा पुसत जायचं आणि रेषा वाचवायच्या. जास्त पुसलं तर धोका असतो. मशीन आवाज काढता काढता आवाज तयार करायला लागतं. पाण्यात कोणी बोलल्यासारखे सूर, कधी शब्दसुद्धा, जे कोणी बोललेलंच नसतं. ब्रेंडा त्यांना भुतं म्हणते. भुतं दिसली की थांबायचं, हा तिचा नियम.

मी हेडफोन लावून तोच तुकडा परत परत ऐकत होतो. काकांचे ओठ हलायचे, मग घरघर, मग काका गप्प. असं किती वेळा झालं माहीत नाही. आणि मग एकदा घरघरीच्या तळातून कोणीतरी म्हणालं, "टिल्ल्या."

मी हेडफोन काढला. खोलीत उजेड होता, किटली उकळत होती. परत लावला. "टिल्ल्या." मग अस्पष्ट, तुटक, पण आपल्याकडचं: "ये. ताट वाढलंय. थंड होऊन राहिलं."

वाक्य मिळालं म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण सिनेमातल्या थोरल्याचं नाव समीर. मी कास्टच्या सगळ्या नावांवरून नजर फिरवली. टिल्ल्या कोणीच नव्हतं. आणि चित्र नीट बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या क्षणी काका समोरच्या नटाकडे बघतच नाहीयेत. त्याच्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघतायत. तिथे कोणी नव्हतं. कुंपण होतं, बस.

हे भूत असेल, मशीनने तयार केलेलं, अशी समजूत घातली. पण मशीनला टिल्ल्या कुठून येणार? मला मात्र येऊ शकतो. घरापासून इतका लांब आहे मी, आपल्या भाषेतली हाक कुठूनही ऐकू येईल. बसच्या दारातून, वॉशिंग मशीनमधूनही.

ब्रेंडा चहा घेऊन आली. सांगावं की नाही? आधीच सर्टिफिकेट नाही, त्यात कानात आवाज येतात म्हटल्यावर काय राहिलं? तरी सांगितलं. ती हसली नाही. हेडफोन घेऊन उजव्या कानाला लावला, डोळे मिटले.

"मला फक्त विमान ऐकू येतंय, लव्ह."

"मग माझा भास असेल."

"मी तसं म्हणाले का? मला मराठी येत नाही, आणि कानही एकच आहे." तिने हेडफोन परत दिला. "ओरिजिनल फाईल जपून ठेवलीस ना?"

"ठेवली."

"मग पुढचं पुढे बघू."

इमोजेन आली ती लॅपटॉप घेऊनच. मी काय ऐकलं ते ब्रेंडाने तिला सांगितलं, तुकडाही ऐकवला, पण तिला नुसतं विमान ऐकू आलं. पोस्टप्रॉडक्शनचे, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामाचे, दिवस संपत आले होते आणि तिचा चेहरा झोप न झालेला. म्हणाली, अतुलचा आवाज वडिलांसारखा आहे असं नागपूरच्या नाटकवाल्यांनी सांगितलंय, म्हणून त्याला बोलावलं. पण तो फोनवर फारच थंड बोलला. त्याने नाही केलं तर दुसरा रस्ता आहे. काकांच्या बाकीच्या सीनवरून कॉम्प्युटरने त्यांचा आवाज बनवून घेतलाय. घरच्यांची सही लागेल. तीही मिळाली नाही, तर तो शॉटच कापावा लागेल.

"शॉट कापला तर बाप माफच करत नाही," ब्रेंडा म्हणाली.

"मला माहीत आहे. मीच लिहिलंय ते."

तिने सँपल लावलं. काकांचा आवाज, स्वच्छ, अगदी जवळून: "मी तुला माफ केलं."

मला खुर्चीत बसवेना. आवाज त्यांचाच होता, एकही खोट नाही. पण बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, तो नव्हता. काका गुडघेदुखीवाले, त्यांचं प्रत्येक वाक्य एका बारीक हुंकाराने सुरू व्हायचं. इथे काहीच नव्हतं. जणू कोणी त्यांना मागून धरून उभं केलं होतं आणि तोंड हलवत होतं.

"कसं वाटतं?" इमोजेनने मला विचारलं. मराठी येणारा तिथे मीच.

"शब्द बरोबर आहेत," मी म्हणालो.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी म्हणालं, "हॅलो? डबिंग स्टुडिओ हाच ना?"

माझ्या हातातली केबल खाली पडली. काका कॉरिडॉरमध्ये बोलत होते. श्वासासकट.

दारात अतुल उभा होता. दिसायला वडिलांसारखा अजिबात नाही. उंच, चष्मा, फायनान्सवाल्यांचा असतो तसा कोट, हातात स्टेशनवरची कॉफी. पण तोंड उघडलं की काका. मी त्याच्या चेहऱ्याकडे न बघता बोलायचं ठरवलं आणि ते आणखी वाईट झालं.

त्याला बूथमध्ये नेलं. बूथ म्हणजे छोटी, कापडाने मढवलेली खोली, जिथे स्वतःच्या टाळीचासुद्धा आवाज मरतो. पहिल्यांदा येणारा माणूस तिथे उगाच खाकरतो. अतुलही खाकरला. माइक लावायला मी आत होतो.

"तुम्ही कुठले?" त्याने विचारलं.

"भंडारा."

"अरे, मग शेजारचेच की." मग, "बाबांना भेटला होता तुम्ही?"

"नाही हो. फक्त ऐकलंय."

"नशीबवान. मला तेही नाही मिळालं. आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या रिन्यूअलला अडकला होता. गेलो नाही. बाबांनी ऐकूनच घेतलं नाही, फोन ठेवला तो ठेवलाच. इथे शूटिंगला आले, इतके दिवस या गावात राहिले, आणि मला कळवलं नाही. मला त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं, ते परत गेल्यावर." त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. "त्यांच्या वेळी मात्र पोचलो. तेव्हा बोलणार कोणाशी?"

मी त्याला बीप समजावून सांगितल्या. आधी तीन बीप वाजतात, एकेका ठोक्यावर. चौथी वाजत नाही. तिच्या जागी आपण बोलायचं. आमच्या धंद्यात नट त्या न वाजलेल्या चौथीलाच घाबरतात.

दिवा लाल झाला. पडद्यावर काका दाराशी आले, हात चौकटीला टेकला. बीप, बीप, बीप. अतुल म्हणाला, "मी तुला माफ केलं."

वाक्य संपलं तरी काकांचे ओठ हलतच होते. अतुल गप्प झाला आणि वडील आवाजाशिवाय त्याच्याशी बोलत राहिले. आम्ही परत लावलं. हळू बोलून बघा, इमोजेन म्हणाली. त्याने हळू म्हटलं. ओढून म्हटलं. दर वेळी तो आधी संपायचा आणि काका बोलत राहायचे. तुकडा फिरत होता, गेलेला माणूस पुन्हा पुन्हा दाराशी येऊन काहीतरी सांगत होता, आणि त्याचा मुलगा त्याच्यासमोर कागद घेऊन उभा होता.

शेवटी अतुलने हेडफोन काढला. "हे माझे वडील बोलणारच नाहीत. कधीच नाही. तुमच्याकडे कॉम्प्युटरवालं आहे ना, फोनवर सांगितलंत ते, तेच लावा. मी सही करतो. मला परतीची ट्रेन आहे."

इमोजेनने लॅपटॉपकडे हात नेला. काचेपलीकडून ब्रेंडा माझ्याकडे बघत होती. तिने टॉकबॅकचं बटण दाबलं, म्हणजे तिचा आवाज आत ऐकू येतो. "तू त्याला विचार, लव्ह."

"ब्रेंडा, ते वापरण्यासारखं नाहीये," इमोजेन म्हणाली. "नुसता आवाज आहे, तो उगाच—"

"त्याच्या बापाचा आवाज आहे. आधी त्याचा, मग आपला."

मी अतुलला म्हणालो, "दादा, त्या विमानाखाली त्यांचं खरं बोलणं आहे. मी थोडं काढलंय. कदाचित माझा भास असेल. काय ऐकलं ते मी सांगणार नाही. तुम्ही ऐकता का?"

त्याने हेडफोन परत लावला.

घरघर सुरू झाली. मी त्याच्याशेजारी उभा, माझ्या हेडफोनमध्ये तेच. काका आले. हात टेकला. आणि मी अतुलचा हात बघत होतो. कागद त्याच्या बोटांतून हळूच निसटला, त्या खोलीत पडल्याचा आवाजही झाला नाही.

"परत," तो म्हणाला.

परत लावलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काय?"

"हे नाव." त्याचा आवाज, म्हणजे काकांचा आवाज, फुटला. "मी सातव्या महिन्यातला. एवढासा होतो. फक्त तेच म्हणायचे, आईसुद्धा नाही. शाळेत गेल्यावर मी बंद करायला लावलं. कोणालाच माहीत नाही हे. माझ्या बायकोलाही नाही."

मी म्हणालो, "मला कोणी नाही सांगितलं हो."

काचेपलीकडे ब्रेंडाने इमोजेनच्या दंडावर हात ठेवला होता. मग अतुलने चष्मा पुसला आणि म्हणाला, "चालू करा."

बीप, बीप, बीप. चौथीच्या जागी काकांचे ओठ हलायला लागले आणि अतुल त्यांचं वाक्य बोललाच नाही. काकांचं बोलून झाल्यावर, त्या शांततेत, तो म्हणाला, "आलो, बाबा."

ते रेकॉर्ड झालं. त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता. ब्रेंडाने ते पुसलं नाही. पेन ड्राइव्हवर घालून त्याला दिलं.

पुढच्या वेळी त्याने वाक्य म्हटलं. "ये. ताट वाढलंय. थंड होऊन राहिलं." सुरुवातीचा तो बारीक हुंकारसुद्धा आला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ओठ आणि आवाज तंतोतंत जुळले. पडद्यावरचा माणूस जिवंत झाला असं लिहिणार नाही. पण इतका वेळ तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता आणि आता थांबला, एवढं मात्र वाटलं.

एकच गोष्ट उरली. वाक्याच्या आधीचं नाव. ओठ तिथे हलतात, काहीतरी घालायलाच हवं. इमोजेनने बिचकत विचारलं, "तिथे समीर म्हणता येईल?"

"ते दुसऱ्या कोणाचं नाव आहे," अतुल म्हणाला.

"मग खरं म्हणाल? टिल्ल्या?"

"नाही. ते मी सिनेमाला देणार नाही. ते घरचं आहे."

इमोजेन डोकं धरून बसली. इतक्या जवळ येऊन शॉट परत कापायची पाळी. मी ब्रेंडाकडे बघितलं. ती खुर्चीत मागे रेलली आणि तिने मलाच विचारलं, "लव्ह, आपण विमान का काढतोय?"

तिचं म्हणणं असं. ईलिंगच्या घरावरून विमान जातं, यात चूक काय? जाऊ दे. नावाच्या जागी ओरिजिनल आवाज ठेवायचा, माझ्या साफसफाईच्या आधीचा, विमानासकट. बाप दाराशी येतो, काहीतरी म्हणतो, ते विमानात बुडून जातं. विमान पुढे सरकतं आणि त्याच्यामागून स्वच्छ आवाज येतो, की ये, ताट वाढलंय. प्रेक्षकाला तो एक शब्द तेवढा कळत नाही. तो ज्याचा त्याच्याकडे राहतो.

तसंच केलं. विमानाखाली काका स्वतः आहेत आणि विमान सरल्यावर त्यांचा मुलगा. जोड कुठे आहे ते सांगितल्याशिवाय कळत नाही. इमोजेनने कॉम्प्युटरवालं सँपल माझ्यासमोर डिलीट केलं. अतुलची ट्रेन चुकली. तो म्हणाला, पुढची घेतो, आणि आमच्याबरोबर कँटीनच्या सँडविचवर जेवला.

नंतर एका दुपारी क्रू आणि घरच्यांसाठी स्क्रीनिंग झालं. तो शॉट आला तेव्हा सगळ्या हॉलमध्ये माणसं नाक पुसत होती. अतुल माझ्या पुढच्या रांगेत होता, शेजारी बायको. विमान आलं तसा तो थोडा पुढे झुकला, मान तिरपी करून, दाराबाहेरून कोणी हाक मारल्यावर आपण झुकतो तसा. विमान गेल्यावर तो टेकून बसला. बायकोने काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली.

आता मला न समजलेली गोष्ट. मागच्या महिन्यात फाईली आवरताना मी ती ओरिजिनल काढून ऐकली. विमान ऐकू आलं. माझी साफ केलेली ऐकली. पाण्यात बोलल्यासारखे सूर, त्यात "ताट" कळतं, "थंड" कळतं. नाव कुठेच नाही. खूप वेळा ऐकलं. ब्रेंडा म्हणते, कान थकतात, त्या दिवशी तू दमला होतास, किंवा आज दमलायस. असेल. पण मग अतुलने काय ऐकलं? त्याला विचारायला मी फोन हातात घेतला होता. परत ठेवून दिला.

धंद्याचा धडा एवढाच, आणि तो मी नव्या मुलांनाही सांगतो: आवाज कितीही साफ करा, ओरिजिनल फाईल पुसू नका. तुम्ही ज्याला कचरा समजता त्यात कोण उभं असेल सांगता येत नाही.

ब्रेंडा पुढच्या वर्षी रिटायर होतेय. डावा कान आता पुरताच गेला. आम्ही अजून लंडनबाहेर, रीडिंग गावात, एका खोलीत राहतो. किचन तीन कुटुंबांत एकच आणि गॅसची पाळी लावलेली, त्यामुळे तिला कधी घरी बोलावता आलं नाही. सुजाताला बँड, म्हणजे पगाराची श्रेणी, वाढवून मिळाला की स्वतःचं किचन असलेलं घर घ्यायचं चाललंय. ते झालं की पहिल्या दिवशी, बाकी कोणाच्याही आधी, ब्रेंडाला बोलावीन. बाबासाहेबांच्या फोटोसमोरच्या भिंतीशी टेबल लावीन, भात, वरण, वांग्याची भाजी, तिला सोसेल एवढंच तिखट. आणि ती दारात आली की तिच्या उजव्या बाजूला उभा राहून, नीट ऐकू जाईल असं सांगीन, की ये, ताट वाढलंय.